टपाचा जुना पत्रा

सात मे, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. बेंगळुरूत सर्जापूर रोडजवळच्या आमच्या पोलीस ठाण्यात तो दूरध्वनी आला, ती वेळ सांगायला मला आजही डायरी उघडावी लागत नाही. मी आता सेवेत नाही. निवृत्तीचे वय अजून फार दूर आहे. संशोधनाकडे परतायचे म्हणून मी राजीनामा दिला. त्या वेळी मात्र धातुशास्त्र शिकून उपनिरीक्षक झालेली मी ठाण्यात एकटीच होते आणि स्वतःच्या हिमतीवर उलगडलेला एक तरी गुन्हा मला हवा होता.

गुन्हा दोन दिवसांपूर्वीचा होता. एका मोठ्या गृहसंकुलाच्या बाजूच्या गल्लीत उंच वाहने अडवण्यासाठी लोखंडी कमान उभारलेली होती. रविवारी संध्याकाळी एक ट्रक तिच्याखालून गेला आणि लगेच कमान कोसळून संकुलाच्या रखवालदाराच्या पायावर पडली. पाय दोन ठिकाणी मोडला. रुग्णालयात त्याने जबाब दिला : वारा सुटला होता, लॉरी गेली, पाठोपाठ कमान खाली आली. क्रमांक त्याने पाहिला नव्हता.

दूरध्वनी संकुलाच्या व्यवस्थापकाचा होता. "मॅडम, तुमची लॉरी सापडली. पुढच्या चौकातल्या शेडमध्ये उभी आहे. कालच तिच्या केबिनचा अख्खा टप बदललाय. इतकी घाई कशाला असते, सांगा."

तर्क बिनचूक वाटत होता. हवालदारांना घेऊन मी शेडमध्ये पोहोचले. ट्रक जुना, निळा; फक्त केबिनचा टप कोरा, रंगाआधी देतात त्या अस्तराच्या करड्या रंगाचा. दारांच्या खालच्या कडांना गंज कापून नव्या पट्ट्या जोडल्या होत्या. मालक स्वतःच चालक. नव्या इमारतींच्या बागांना माती आणि रोपे पुरवण्याचा त्याचा व्यवसाय होता. मी कन्नडमध्ये प्रश्न विचारले, त्याने कन्नडमध्ये उत्तरे दिली. मग तो पत्राकाम करणाऱ्या मेस्त्रीकडे वळून मराठीत पुटपुटला, "आता ही बाई मला आत टाकणार बघ."

"ते तुमच्या उत्तरांवर आहे," मी मराठीतच म्हणाले.

तो दचकला. तीन पिढ्या बेंगळुरूत काढलेल्या मराठी घरातला माणूस. खाकी वर्दीतून मराठी ऐकायची त्याला सवय नव्हती.

ठाण्यात आणून त्याची रीतसर चौकशी सुरू केली.

"रविवारी शेडपर्यंत कोणत्या रस्त्याने आलात?"

"मेन रोडनं."

"गल्लीतून नाही?"

"नाही, मॅडम."

मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कॅमेऱ्यातले चित्र त्याच्यासमोर ठेवले. निळा ट्रक वळताना स्पष्ट दिसत होता. त्याने ते पाहून माझ्याकडे परत सरकवले.

"सरी, बरं. गल्लीतून आलो."

"मग खोटं का बोललात?"

"गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट संपलंय, अक्का. मेन रोडला ट्रॅफिकवाले उभे असतात. टप गंजून चाळण झाला होता. तो बदलल्याशिवाय आरटीओ पास करत नाही, आणि पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. मग शेडपर्यंत काय डोक्यावर घेऊन येऊ?"

हवालदार हसले. मी हसले नाही.

"टप कमानीला लागला?"

"लागला असता तर कळलं नसतं? डोक्याच्या वर वीतभर तर असतो."

"मागे कमान पडली, तेही कळलं नाही?"

"त्या इंजिनाचा आवाज ऐकलाय तुम्ही? मागे बिल्डिंग पडली तरी कळायचं नाही."

काढलेला पत्रा कुठे आहे, या प्रश्नावर मेस्त्री म्हणाला, "आठवत नाही." पोलिसांसमोर माणसाची स्मरणशक्ती प्रथम जाते, हे मला ठाऊक होते, तरी त्या उत्तराने संशय पक्का केला. मालकाला अटक झाली, ट्रक जप्त झाला. चोवीस तासांच्या आत त्याला न्यायालयासमोर उभे करायचे होते. अपघात करून पळून जाणे आणि पुरावा नष्ट करणे, अशी कलमे लागली असती तर परवाना गेला असता, आणि खटला संपेपर्यंत ट्रक ठाण्याच्या आवारात सडला असता. त्याच्या घरात दुसरी कमाई नव्हती. आमच्या निरीक्षकांचे मत स्पष्ट होते : प्रकरण सुटले आहे, कागद पूर्ण करा.

कागद पूर्ण करायला मला तो पत्रा हवा होता. त्याला दोषी ठरवण्यासाठीच हवा होता, हे नमूद केले पाहिजे. दुपारी आम्ही पुन्हा शेडकडे गेलो. भंगाराचा ढीग उपसला, काही मिळाले नाही. शेजारच्या चहाच्या गाड्यावर बसलो आणि मी गाडेवाल्याला सहज विचारले, "सोमवारी इथं काय काय झालं?"

"काय होणार? सकाळी लॉरीची पूजा झाली. लॉरीच्या मालकांची रीतच आहे, गाडीला पत्रा कापायचा म्हणजे आधी तिची माफी मागायची. वर चढून टपाला हळद लावली, नारळ फोडला. मला खोबरं दिलं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "स्वल्पच दिलं."

मी बाकावरून उठले आणि मागे वळले. स्टोव्हला वारा लागू नये म्हणून गाडेवाल्याने एक वाकलेला निळा पत्रा आडोशाला उभा केला होता. त्यावर हळदीचे पाच रुंद पट्टे होते. मेस्त्रीने पत्रा त्यालाच देऊन टाकला होता, आणि आपल्यामुळे गाडेवाला अडचणीत येईल म्हणून तो विसरला होता.

पत्र्याच्या पुढच्या भागात परातीएवढा पोचा होता. हवालदार आनंदले. "मॅडम, आयतं मिळालं की!"

मी भिंग काढले. मालकाने हळद तांदळाच्या पिठात कालवून लावली होती. तो लेप वाळून कडक झाला होता. दोन पट्टे थेट पोच्यावरून जात होते. पोचा आधीचा असता, तर लेप खोलगट भागात साचून तसाच अखंड वाळला असता. इथे पोच्याच्या कडेने लेप तडकला होता, त्याच्या खपल्या उडाल्या होत्या, आणि खालच्या निळ्या रंगाची चीर नेमकी त्याच रेषेत होती. म्हणजे हळद वाळली, त्यानंतर पत्रा वाकला. हळद सोमवारी सकाळी लागली. कमान रविवारी संध्याकाळी पडली होती.

मेस्त्रीला बोलावले. आता त्याला आठवले. "पत्रा उतरवताना हातातून सुटला, खाली जॅक होता." जॅकचे डोके पोच्यात ठेवून पाहिले. चपखल बसले.

पत्र्यावर दुसरा पोचा किंवा ओरखडा नव्हता. ट्रकचा टप कमानीला लागलाच नव्हता. मग कमान पडली कशाने, हा प्रश्न उरला, आणि तो आधी कुणीच विचारला नव्हता. पडलेली कमान कापून संकुलाच्या तळघरात ठेवली होती. माझ्या जुन्या महाविद्यालयातून धातूची जाडी मोजण्याचे उपकरण मागवून मी पंचांसह तिथे गेले. व्यवस्थापक सोबत होते.

"दर वर्षी रंग देतो आम्ही कमानीला," ते म्हणाले.

ते खरे होते. पिवळा-काळा रंग चकचकीत होता. आडव्या तुळईवर आघाताची एकही ताजी खूण नव्हती. होत्या त्या उन्हाळी शिबिराच्या मोठ्या फलकाच्या तुटक्या नायलॉन दोऱ्या. खांबाच्या बुडाशी मी हातोडीने हलकेच ठोकले. रंगाचे कवच फुटले आणि आतून तपकिरी भुगा गळाला. खांबाची मूळ जाडी चार मिलिमीटर होती. जमिनीलगत उपकरणाने आकडा दाखवला : ०.६. फलकाने शिडासारखा वारा धरला होता, आणि तो पेलायला खाली खांबच उरला नव्हता.

व्यवस्थापक माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण लॉरी गेली होती ना त्याच वेळी?"

"तुमच्या कमानीखालून रोज वाहने जातात," मी म्हणाले. "त्या दिवशी गेलेल्या एकाचा टप नवा होता, एवढंच."

मालक न्यायालयात आरोपी म्हणून गेला नाही. फिटनेस नसताना वाहन चालवल्याचा दंड मात्र त्याने भरला. देखभालीतल्या निष्काळजीपणाचा तपास संकुलाकडे वळला आणि रखवालदाराच्या उपचारांची जबाबदारी त्यांना स्वीकारावी लागली.

या प्रकरणाने मला गंजाविषयी नवे काही शिकवले नाही, संशयाविषयी शिकवले. ज्याने आपला गंज उघडा केला, कापून काढला, तो आमच्या कोठडीत होता. ज्यांनी तो रंगाखाली झाकला, ते माहिती देणारे जबाबदार नागरिक होते. दुरुस्तीच्या खुणा दिसतात, म्हणून त्या गुन्ह्यासारख्या वाटतात. आणि घाबरलेला माणूस लहान चूक लपवायला खोटे बोलतो, तेव्हा मोठा गुन्हा त्याने केला असे समजणे तपास अधिकाऱ्याला फार सोयीचे असते.

शेडमध्ये ट्रक परत ताब्यात देताना मालक माझ्या हातातल्या उपकरणाकडे पाहत होता. "अक्का, आमचा टपही मोजा की एकदा. मेस्त्रीनं सव्वा मिलिमीटरहून थोडा कमी, एक पॉइंट दोनचा पत्रा सांगितलाय."

"अरे, आता माझ्यावर संशय?" मेस्त्री ओरडला.

"पोलीस दारात आहेत, विचारून घेतो," मालक म्हणाला, आणि या वेळी मीही हसले.

अस्तर अजून न लागलेल्या एका कोपऱ्यावर मी उपकरण टेकवले, आकडा स्थिरावू दिला आणि जप्तीच्या कागदाखाली, तिथे त्याची गरज नसताना, लिहिला : १.२ मिलिमीटर.