वाकड्या नळीतला आवाज

माझं आतडं फुटलं तेव्हा मी ओरोसच्या ऑफिसात माझ्या टेबलावर होते. समोरच्या माणसाला "जरा थांबा" म्हणाले आणि टेबलावर डोकं टेकलं, ते पुन्हा उचलताच येईना.

मी सरकारी क्वार्टरमध्ये एकटी राहते. जवळचं माणूस म्हणजे थोरली बहीण, दोडामार्गला दिलेली. तिचे यजमान रोज हद्द ओलांडून गोव्यात कामाला जातात, म्हणून त्यांच्या माहितीतल्या, हद्दीपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मला नेलं. डॉक्टरांनी फुटलेला भाग कापून काढला, उरलेल्या आतड्याचं तोंड काही महिन्यांपुरतं पोटावर आणलं आणि त्याला पिशवी लावली. शुद्धीवर आले तेव्हा मी अतिदक्षता विभागात होते.

त्या खोलीत दोन खाटा होत्या. मधे हिरवा पडदा, आणि पडदा जिथे भिंतीला मिळत होता तिथे, दोघींच्या उशांशी, एक बेसिन. खिडकी नव्हती. दिवे कधी मालवत नसत, त्यामुळे सकाळ कुठली आणि रात्र कुठली ते नर्सच्या बदललेल्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

पडद्यापलीकडे एक म्हातारी होती. मी तिला कधीच पाहिलं नाही. आमची ओळख आवाजाचीच.

"खंयची गो तू?" तिने विचारलं.

"मसुऱ्याची. आता ओरोसाक असतंय."

"मगे आमच्याच वाटेवरची. मी मालवणची. खाडीकडे घर आसा."

पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आधी एका दुसऱ्या हॉस्पिटलात काही दिवस काढून ती इथे आली होती. ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला म्हणून तिला या खोलीत ठेवलं होतं. बोलायला ती उत्सुक असे. यंदा मसुऱ्यात जत्रेला किती गर्दी होती, आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात पुरतं का, अशी तिची चौकशी चाले. मधेच थांबून एकदा ती म्हणाली, "कोण गो ता चूळ भरता?"

आवाज मीही ऐकला होता. कुणी दूरच्या खोलीत नळ सोडला की आमचं बेसिन खालून गुळगुळायचं आणि शेवटी एक घोट गिळल्यासारखं करून गप्प व्हायचं.

"बेसिन वाजता ता, आजी."

"बेसिन नाय गो. पाणी वाजला तर माका कळता. जन्म पाण्यात गेलो माझो. ह्यो तोंडाचो आवाज."

मी हसले. टाके दुखले म्हणून लगेच थांबले. त्यानंतर मात्र बेसिन वाजलं की आम्ही दोघी गप्प होऊन ऐकत असू.

मग तिला थंडी भरली. मला दिसत काही नव्हतं, पण तिच्या खाटेची दांडी भिंतीवर थडथड आपटत होती. नर्सेस धावल्या. जी ती आधी बेसिनवर हात धुवायची, मग तिच्याकडे जायची. तिथून आली की पुन्हा हात धुवायची, मग माझ्याकडे यायची. उरलेलं सलाईन, अंग पुसलेलं पाणी, सगळं त्याच बेसिनमध्ये जात असे. पाण्याचा एखादा थेंब माझ्या गालावर उडे. गार असे, बरं वाटे.

"बाय, माका थंडी लागता," एवढंच ती अधूनमधून म्हणायची. पुढे तेही थांबलं. खाट ढकलत नेल्याचा आवाज आला, फिनेलचा वास आला आणि काही वेळाने पलीकडून एका पुरुषाचं खोकणं ऐकू आलं. कोणी दुकानदार आहे, इतकंच मला नर्सच्या बोलण्यातून समजलं. आजीला दुसरीकडे हलवलं असेल असं मी धरून चालले. कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढे त्या दुकानदाराला थंडी भरली. आणि त्यानंतर मला.

थंडी पायांपासून चढत आली. दात वाजत होते आणि कानात माझ्याच खाटेची दांडी थडथडत होती. रक्तदाब उतरला. दिव्यांभोवती पिवळी कडी दिसू लागली. अतिदक्षता विभागाच्या डॉक्टर माझ्या पायाशी उभ्या राहून ताईशी बोलत होत्या. त्यातलं अर्धं मी ऐकलं, अर्धं ताईने नंतर सांगितलं.

"रक्तात जंतू सापडलाय," डॉक्टर म्हणाल्या. "आजार घरून आलेला नाही, हा हॉस्पिटलातला जंतू आहे. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवतात आणि त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवतात. औषध चालत असेल तर टिकलीभोवती जागा मोकळी राहते. हा टिकल्यांना अगदी चिकटून वाढलाय."

"सगळ्या टिकल्यांक?"

"जवळपास सगळ्या. एक जुनं औषध उरलंय. मूत्रपिंडांना जड जातं म्हणून बरीच वर्षं कुणी वापरत नव्हतं. ते सुरू करतोय. कदाचित मूत्रपिंडांना त्रास होईल. पण दुसरा मार्ग नाही."

ताईने तोवर आपला मार्ग सुरू केलेला होता. आमच्याकडे बाळंतिणीच्या किंवा आजाऱ्याच्या उशाखाली लोखंडाचं काहीतरी ठेवतात, कोयता म्हणा, विळा म्हणा. लोखंडाजवळ वाईट येत नाही अशी समजूत. ताईने घरातला अडकित्ता रुमालात गुंडाळून आणला होता आणि भेटीच्या वेळी नर्सची नजर चुकवून माझ्या उशाखाली सरकवला होता. चादर बदलताना तो निघाला. नर्सने तो डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी तो ताईला परत दिला आणि घरी न्यायला सांगितलं.

"बरा, नेतंय," ताई म्हणाली. "पण हिच्या आंगात रक्त नाय. पांढरी फटक पडली हा. ता लोखंडाचा इंजेक्शन तरी देवा तिका."

"लोहाचं इंजेक्शन आत्ता देणार नाही. अगदीच गरज पडली तर रक्त देऊ."

"कित्याक?"

"या जंतूला वाढायला लोह लागतं. शरीराला कळतं आत कोणी शिरलंय, म्हणून ते आपलं लोह लपवून ठेवतं. हिच्या रक्तात ते कमी दिसतंय, त्याचं एक कारण तेही आहे. जंतू मग एक पदार्थ बाहेर सोडतो. तो पदार्थ शोधत जातो, आपल्याकडचं लोह ओढून काढतो आणि त्याच्याकडे घेऊन येतो. आपण वरून लोह दिलं तर ते त्यालाच आयतं मिळेल."

 ताईने हातातल्या, अडकित्ता गुंडाळलेल्या रुमालाकडे बघत विचारलं, "म्हणजे तो लोखंडाक भियणा नाय?"

"नाही. त्याला ते हवं असतं."

जुनं औषध सुरू झालं आणि मी भ्रमात गेले. अतिदक्षता विभागात पुष्कळांना असं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच जाणवलं की आजी परत बोलायला लागली आहे.

आवाज तिचाच होता, पण खालून येत होता. ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून बोलत असेल असं मला वाटलं. पडद्यापलीकडून पुरुषाचं खोकणंही येत होतं, आणि मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

"बाय, अडकित्तो दी गो. सुपारी कातरतंय."

"ताई घेवन गेली तो, आजी."

"मगे दुसरा काय लोखंड आसात तर दी."

"कित्याक?"

आधी गुळगुळ झाली, मग घोट गिळल्याचा आवाज. "भूक लागली."

हे बोलणं पुन्हा पुन्हा झालं. ती रागावली नाही की तिने आवाज चढवला नाही. शेजारीण विरजण मागायला येते तशी ती मागत राही. एकदा मला तिची फार कणव आली. माझ्या हातात जे काही असेल ते द्यावं म्हणून मी बेसिनच्या दिशेने हात लांब केला, तशी मनगटातली सुई निसटली आणि चादरीवर, फरशीवर रक्त सांडलं. नर्सेसनी माझे हात मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधले. मी त्यांना विनवत होते, "आजीला थोडं लोखंड द्या, म्हणजे ती गप्प होईल."

"कोण आजी?" एकीने विचारलं. तिची सहकारीण तिच्याकडे बघून मान हलवत होती, ते मला आजही दिसतं.

त्यानंतर ती खोली रिकामी केली गेली. मला दुसऱ्या टोकाच्या एका खोलीत हलवलं. तिथे भिंतीला नळ नव्हता, हातांसाठी औषधी द्रवाची बाटली होती. आवाज बंद झाला. खोली बदलली म्हणून, की औषध लागू पडलं म्हणून, ते मी आजही सांगू शकत नाही. मूत्रपिंडं मंदावली, पाय सुजले, पण लघवी पूर्ण थांबली नाही. ताप हळूहळू उतरला. मी भाताची पेज प्यायले तेव्हा ताई तोंड फिरवून उभी राहिली.

उठून बसायला लागले तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "तुम्हाला कळायला हवं," त्या म्हणाल्या. एकाच खोलीतल्या तिघांना तोच जंतू, म्हणून त्यांनी खोलीतल्या प्रत्येक वस्तूवरून नमुने घेतले होते. खाट, पडदा, पंप, सगळं स्वच्छ निघालं. तो सापडला बेसिनखालच्या वाकड्या नळीत. तिथे पाणी कायम साचलेलं असतं. आतून बुळबुळीत थर धरतो आणि त्या थरात जंतू राहतात. औषधांचं उरलंसुरलं तिथेच ओतलं जातं, म्हणून त्यांना औषधांची सवय होते. वरून नळ जोरात सोडला की शिंतोडे उडतात.

"आता बेसिन काढून टाकलंय. भिंत फोडून नळी बुजवलीय."

"आजीकडून तो नळीत गेला, की नळीतून आजीकडे?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

"आजी कुठे आहे? मला हलवलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत बोलत होती माझ्याशी."

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ताई माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "ती तुका ताप येवच्या आधीच गेली गो. खाट नेली ना, तेव्हाच."

दुकानदाराचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही.

चालायला लागल्यावर मी ताईला घेऊन मालवणला गेले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर दिवस काढताना ताईची आजीच्या सुनेशी ओळख झाली होती. खाडीच्या काठाला, माडांच्या आत, त्यांचं घर. सुनेने सोलकढी दिली. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. आजीचा चेहरा मी पहिल्यांदा तिथे पाहिला. मी कल्पिलेल्या चेहऱ्याशी तो जराही जुळेना.

भ्रमातलं सगळं सांगायचा माझा विचार नव्हता. पण बसल्या बसल्या मी म्हणाले, "शेवटाक त्या सुपारी मागी होत्या."

सुनेने भांडं खाली ठेवलं. "आमची आये? तिका सुपारी लागा. घेरी येय. जल्मात कधी तोंडात घातली नाय तिना, घरात कोणाक ठेवूकय देय नसा."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे बघत राहिले. ताईचा अडकित्ता, डॉक्टरांचं बोलणं, आजीचा आवाज, हे सगळं तापात एकमेकांत मिसळलं, हे मला पटतं. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. तरी येताना एसटीत मी ताईला विचारलं, "मगे माझ्याकडे कोण मागी होता?"

"गप रव," ताई म्हणाली, आणि तिने खिडकीची काच लावून घेतली.

काही महिन्यांनी पिशवी काढायला त्याच हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं. मी जाणार नाही म्हणत होते, पण माझं पोट त्याच सर्जनना ठाऊक होतं. भरतीच्या खिडकीपाशी मी आपणहून सगळं सांगितलं. तो जंतू माणूस बरा झाल्यावरही आतड्यात मुकाट राहू शकतो, त्या माणसाला काही न करता, असं मला सांगितलेलं होतं. त्यांनी तपासणीसाठी नमुना घेतला आणि अहवाल येईपर्यंत मला एकटीच्या खोलीत ठेवलं. दारावर पिवळं कार्ड लावलं. आत येणारा प्रत्येक जण प्लास्टिकचा झगा आणि हातमोजे घालून येई. ताईसुद्धा झग्यात बसे, आणि हलली की चुरचुर वाजे.

एकदा दार ढकलून एक बाई आत आली. हातात रिकामा थर्मास होता. शेजारच्या खोलीत तिची सासू होती. "वाईच गरम पाणी मिळात?" तिने विचारलं. माझ्याकडे बघून ती ओळखीचं हसली. तिची बोली ऐकून मला बरं वाटलं.

"खंयची गो तू?" मी विचारलं.

ती उत्तर देणार इतक्यात तिचं लक्ष ताईच्या झग्याकडे गेलं, मग उघड्या दारावरच्या कार्डाकडे. ते तिला पूर्ण वाचता आलं की नाही, ठाऊक नाही. ती थर्मास छातीशी धरून पाय न वाजवता मागे सरकली. दाराच्या कडीला तिने हात लावला नाही, कोपराने दार ओढून घेतलं.

अहवालात काही सापडलं नाही. ऑपरेशन नीट झालं. "म्हणजे तो गेला का?" मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हाला दिसला नाही, एवढंच म्हणता येतं."

दोडामार्गला पोचल्यावर ताईने मला थेट आत नेलं. काजूचा हंगाम होता, पडवीत बोंडांचा आंबूस वास भरला होता. तिने मला स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या शेजारी गादी घालून दिली. तिची लहान नात धावत येऊन माझ्या मांडीवर बसू पाहत होती. ताई "ये गो ये" म्हणत होती. मी हात पाठीमागे धरून उभी राहिले, आणि आधी न्हाणीघरात हात धुवून येते म्हणाले.