रमजानात विचारलेला प्रश्न

रदवान दवाखान्यात खोटं बोलला नाही, आणि तेच माझ्या मनातून जात नाही.

माझा हा मुलगा एकतीस वर्षांचा. मोरोक्कोतल्या आसफीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. बंद पडायला आलेल्या मोटरचा नुसता आवाज ऐकून दोष सांगेल, असा कान. पितोही तितक्याच नेमाने. पण इथल्या पिणाऱ्यांची रीत तो मोडत नाही. रमजानच्या चाळीस दिवस आधी बाटली बंद, ती थेट ईदपर्यंत.

यंदा त्या दिवसांत त्याची झोप उडाली. दार वाजलं तरी दचकायचा. रमजान निम्मा सरल्यावर मीच त्याला मानसोपचार विभागात नेलं. परिचारक सी बुशैबने नेहमीचा कागद पुढे ओढला.

"गेल्या महिन्यात दारू किती वेळा घेतलीस?"

"एकदाही नाही."

"रोज्यात हे विचारायचं म्हणजे मलाच लाज वाटते, लल्ला," तो माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला. "इथे माझी सिगारेट सुटलीय, तर हा काय पिणार?"

त्याने शून्य लिहिलं. मी हसले. ते शून्य बघून डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या.

ईदच्या तिसऱ्या दिवशी बाटली परत आली. गोळ्या चालूच राहिल्या.

काल मी त्याला म्हटलं, "सी बुशैबला खरं काय ते सांगून येऊ."

"सांग की. बंदरावरचा भोंगाच वाजव. पण मग त्या दवाखान्यात मी पाय ठेवणार नाही, आई."

माझी बहीण झोहर तिथेच होती. "एकदा कागदावर चढलं की पुसलं जात नाही. मग मुलगी कोण देईल याला?" मी दवाखान्यात गेले नाही.

आज तो पिऊन आला आणि वर गोळीही घेतली. रात्री दहाला हलवलं तेव्हा "झोपू दे ना" म्हणून खेकसला. बरं वाटलं मला. झोप लागू नये म्हणून त्याच्या उशाशी बसून हे लिहितेय. आता एक वाजलाय. खांदे धरून गदागदा हलवलं, तरी पापणी जेमतेम उचलली गेली. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललंय.

त्याने उपचार सोडले तर पुन्हा मिनतवाऱ्या करीन. महिनाभर बोलला नाही तरी चालेल. दवाखान्याच्या गाडीला फोन लावतेय. गोळीचं नाव सांगीन, आणि तो किती प्यायलाय तेही.