दोनच्या वर नको

जेवण आटोपलं की नाबरबाई पडवीतल्या बाकावर आडव्या होतात. डोळा लागतोय न लागतोय, एवढ्यात पायाशी कुणीतरी येऊन बसतं. बघतात तर नाबर मास्तर. जाऊन चार महिने झाले, पण सदऱ्यावर खडूची पूड तशीच.

"आज नववीचा तास," मास्तर म्हणतात. "पृथ्वीला हवा कुठून आली?"

मेल्यावरही यांचा तास काही सुटत नाही. बाई उठून बसतात, तर पडवी नाहीच. समोर कढत समुद्र, वर मळकट आभाळ, डोंगर धूर ओकताहेत. मास्तरांचा श्वास मात्र साफ चाललाय. तो ऐकूनच बाईंना भरून येतं.

"ही ज्वालामुखींची हवा. वाफ होती तिचा पाऊस झाला, पावसाचे समुद्र झाले. प्राणवायू मात्र औषधालासुद्धा नाही."

"मग आपण कसे बोलतोय?"

"मी मेलोय आणि तू झोपलीयेस."

पाण्यावर हिरवा तवंग धरतो. "हे बारीक जीव उन्हावर जगतात आणि प्राणवायू सोडतात," मास्तर सांगतात. "आधी त्यानं समुद्रातलं लोखंड गंजलं." ते पाण्यात हात घालतात, तो तांबडा होऊन निघतो. "उरला तो हवेत गेला. तेव्हाच्या कितीतरी जीवांना तो बाधला. नाव प्राणवायू, पण त्यांना विषच."

डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑक्सिजनचं मशीन दोनच्या वर नको, यांच्या फुप्फुसांना जास्त सोसत नाही. त्या दुपारी मास्तरांनी पंजा वर केला, आणि बाईंनी मशीन पाचवर नेलं. संध्याकाळी सगळं संपलं. हे त्या लेकीलाही बोललेल्या नाहीत.

"अहो, तुम्ही पाच म्हणालात ना?"

मास्तर पंजा उचलतात आणि हळूच खाली दाबतात. उभ्या राहिलेल्या वर्गाला चाळीस वर्षं दाखवलेली खूण. "बस म्हणत होतो गं. जवळ बस. सारखी धावत होतीस."

"म्हणजे मीच मारलं तुम्हाला."

"असेलही, नसेलही." मास्तर खोटं बोलत नाहीत. "त्या तवंगाला तरी कुठं ठाऊक होतं? त्याच्याच हवेवर आज तू जगतेयस. आता तरी बस."

बाई बसतात. मास्तर त्यांचं मनगट धरतात.

जाग येते तेव्हा अंगणात ऊन आहे. बाईंच्या मनगटावर गंजाची पाच तांबडी बोटं उमटलीयेत. त्या ती पुसत नाहीत. लेकीला फोन लावतात.

"चारू, तुझे बाबा गेले ना, त्या दुपारी मशीन मी वाढवलं होतं."