मिक्सरच्या पुस्तकातली वंदना

माझी मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा विहारात सगळ्यांची लाडकी होती. दर रविवारी ती पुढे बसायची, वंदनेची पातळ पुस्तिका मांडीवर उघडायची आणि ओळींवरून बोट फिरवत अख्खी वंदना म्हणायची. गुढ़ियारीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बोलबाला झाला, की याची पोरगी शाळेत जायच्या आधीच वाचते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. उरला इंडस्ट्रियल एरियातल्या ज्या सळ्यांच्या मिलमध्ये मी क्रेन चालवतो, तिथे भेटेल त्याला हे सांगत सुटलो.

मग एका रविवारी घाईत तिने पिशवीत भलतंच काहीतरी टाकलं. विहारात ते उघडलं, बोट ठेवलं आणि नेहमीसारखी सुरू झाली. शेजारच्या बाईंनी डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. पोरीच्या मांडीवर आमच्या मिक्सरसोबत आलेलं पुस्तक होतं. भांडं कसं बसवायचं, झाकण कसं लावायचं, त्या ओळींवर बोट फिरवत ती त्रिशरण म्हणत होती. सगळे हसले. तीही हसली, तिला वाटलं आपलं कौतुकच चाललंय. मला मात्र हसू आलं नाही, कारण ही युक्ती मला चांगली ठाऊक होती. शाळेत मीही शेजारच्या पोराकडून ऐकून धडा पाठ करायचो आणि गुरुजींसमोर पुस्तक धरून उभा राहायचो.

आमच्याकडे हे वडिलांपासून चालत आलंय. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून इथे, हिंदी मुलखात, आले. मालगाडीचा कोणता डबा कुठे लावायचा ते ऐकून लक्षात ठेवायचे. कोणी कागद पुढे केला की चष्मा घरी राहिला म्हणायचे, आणि चष्मा तर त्यांना कधी नव्हताच. मोठा भाऊ शाळा सोडून लवकर मोकळा झाला. मी मार खात खात दहावीपर्यंत पोचलो. आजही भ आणि म समोर आले की मी क्षणभर थांबतो. हे सगळंसुद्धा मी मोबाइलला बोलून सांगतोय, तो टाइप करतो आणि बायको तपासते. शाळेत मला दगड म्हणायचे. तो शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. सळ्यांचा भारा उचलून सांगितलेल्या जागी अलगद टेकवणारा माणूस दगड कसा असेल?

मुलगी दुसरीत गेली तरी साधा शब्द वाचताना घामाघूम व्हायची. पहिलं अक्षर पाहायची आणि पुढचं अंदाजाने ठोकून द्यायची. माझी आई म्हणाली, "तुयावर गेली पोट्टी. होईल तिचंबी कसंतरी."

मी भडकलो. "कसंतरी काहून? मायं कसंतरी झालं, तेवढं बस झालं."

बायकोने चौबे कॉलोनीत अशा मुलांना शिकवणारी एक बाई शोधून काढली. सगळे तिला दीदी म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "घर में और किसी को पढ़ने में दिक्कत थी?" बायको पंख्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मेरे को थी. मेरे भाई को, मेरे बाप को भी." भांडायच्या तयारीतच बोललो. दीदी म्हणाली, बरं झालं सांगितलंत. हे घराण्यात चालत येऊ शकतं, अशा घरातल्या मुलांकडे लवकर लक्ष द्यावं लागतं. डोकं चांगलं आहे, शिकवायची रीत फक्त वेगळी हवी. एवढं साधं वाक्य आमच्या घरात आजवर कोणी बोललं नव्हतं.

मग सुरू झालं. टाळी वाजवत शब्दाचे तुकडे करायचे. परातीत तांदूळ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज म्हणायचा. ओळखीचा मजकूर मात्र अजिबात द्यायचा नाही, कारण पोरीची स्मरणशक्ती जबर, एकदा ऐकलं की झालं पाठ. ड्यूटी सुटली की मीही तिच्याशेजारी बसायचो. कधी ती पुस्तक फेकायची, कधी मी. पण हळूहळू ती अंदाज सोडून खरंच वाचायला लागली.

आमच्या विहारात वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून पुढे तीन महिने, रोज संध्याकाळी मराठीतून ग्रंथ वाचतात. एकेका घराचा नंबर लागतो. काल जिथे थांबलं, तिथून पुढे वाचायचं. आमच्या घरातून नेहमी बायकोच वाचत आली. यंदा नंबर लागला तेव्हा नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "मैं पढ़ूँगी."

जिथे तिला हसले होते, तिथेच ती पुन्हा बसणार. आई म्हणाली, "काल थांबलं त्याच्या पुढचं पाहून घे अन् पाठ करून टाक." पोरगी म्हणाली, "पाठ करना पढ़ना थोड़ी है, आजी."

ती ग्रंथासमोर बसली. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरली आणि सुरू झाली. सावकाश, पण खणखणीत. तिसऱ्या-चौथ्या ओळीत एका लांबलचक जोडाक्षरी शब्दापाशी अडली. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या उपासकांना राहवलं नाही, ते तो शब्द सांगायला लागले. तिने मान वर न करता हात केला. "दादाजी, मत बताओ. आ रहा है."

ते थांबले. ओठ हलवत ती शब्दाचे तुकडे करत होती, आणि दिवसभर कामं करून आलेली माणसं माझ्या लेकीच्या एका शब्दासाठी शांत बसून होती. माझ्यासाठी कोणत्याच वर्गात कोणी असं थांबलं नव्हतं, छडी आधी यायची. तिने तो शब्द बरोबर वाचला, मग अख्खी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही.

पान संपल्यावर लोक पाय मोकळे करायला लागले, आणि दादाजी मायेने म्हणाले, "थकली असशील बेटा. पुढचं आई वाचेल."

"नहीं," ती म्हणाली, "आज हमारे घर का नंबर है. मैं ही पढ़ूँगी. आप लोग आराम से बैठो."

आणि सगळे पुन्हा मांडी घालून बसले.