सगुणाबाईंचे अनुस्वार

मुरबाडच्या तहसील कचेरीसमोर हर्षाली पष्टेचा टायपिंगचा गाळा आहे. वारसनोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सात-बाऱ्यावर चुकलेल्या नावांच्या दुरुस्त्या. माणूस समोर बसून बोलत असतो आणि हर्षालीची बोटं त्याच्या पुढे धावत असतात. गेल्या माघात तिचा नवरा सुनील कसाऱ्याकडच्या हायवेच्या कामावरून घरी येताना अपघातात गेला. चौदाव्या दिवशी तिने गाळ्याचं शटर वर केलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, "रड गो एकदा, मोकळी हो." हर्षाली मान हलवायची. तिला वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. भूक लागली की जेवायची, दिवा घालवला की झोपायची.

अशात एक दिवस भगीरथ देसले गुरुजी आले. शाळेतून निवृत्त झालेले, गावच्या वाचनालयाचं सगळं तेच पाहायचे. जुन्या उपरण्यात गुंडाळलेलं एक पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. पानं हात लावताच कडेने झडत होती.

"सत्यभामेचा वनवास," गुरुजी म्हणाले. "अठराशे सत्त्याऐंशी साल. सगुणाबाई जोगळेकर. नवरा इथंच कचेरीत कारकून होता. बाईने मुरबाडात बसून कादंबरी लिवली आणि आज मुरबाडात तिचं नाव कोणाला ठाव नाय. सगळी टाइप कर. छापून काढू."

हर्षालीने पान उलटलं. "गुरुजी, यात सगळीकडं अनुस्वार आहेत. घरीं, त्यांत, केलें. काढू?"

"नको. तिने घातलेत. राहू दे."

त्या संध्याकाळी तिने प्रस्तावना घेतली. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: 'हें पुस्तक मीं सवडीनें लिहिलें. सवड मिळाली ती घरांतील दोन लेंकरें एका आठवड्यांत पटकीनें गेल्यामुळें.' पुढच्या ओळीत बाई कागदाच्या वाईटपणाबद्दल तक्रार करत होत्या.

हर्षालीने ती ओळ टाइप केली. मग पुन्हा वाचली. अनुस्वार मोजून पाहिले, एक राहिला होता तो घातला. दुसऱ्या दिवशी गुरुजींना तिने एवढंच विचारलं, "बाई रडल्या असतील का?"

"पुस्तकात तसं काय नाय," गुरुजी म्हणाले.

गोष्ट साधी होती. सत्यभामा नावाची बालविधवा मामाकडे सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात येऊन राहते. तिथे रखमी नावाची डोंगरातली बाई कंदमुळं विकायला येते. रखमी तिला रानातला कुठला कंद खायचा, कुठला रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा ते शिकवते. सत्यभामा तिला राखेत बोटाने अक्षरं काढून दाखवते. मामाला कळतं आणि रखमीचं येणं बंद होतं. एवढंच. कुणाचं लग्न होत नाही, कुणी पश्चात्ताप करत नाही.

घरी सासू, धोंडीबाई, विचारायची, "काय ल्हिवतस गो एवढं?" मग हर्षाली जेवणानंतर तिला दोन-चार पानं मोबाइलवरून वाचून दाखवू लागली. धोंडीबाईला अक्षर येत नव्हतं, पण रानातलं सगळं येत होतं. "कडू करांदा असाच पाण्यात ठेवतात," ती म्हणायची. "बामणाच्या बाईला कसं ठाव?"

अकराव्या प्रकरणात मामाची म्हैस चिखलात रुतून मरते. जीव जाईपर्यंत सत्यभामा तिच्या पाठीवर ओलं फडकं घालत दिवसभर उभी राहते. हर्षाली वाचत होती आणि धोंडीबाई एकाएकी हुंदके देऊ लागली. मुलाच्या मयताला तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता पदर तोंडात कोंबून ती म्हशीसाठी रडली. हर्षाली मोबाइल खाली ठेवून तिच्याजवळ बसली. तिच्या पाठीवर हात ठेवला. स्वतःचे डोळे कोरडेच आहेत, हे तिने एकदा बोट लावून पाहिलं.

पुस्तक संपत आलं तेव्हा गुरुजींना पत्ता लागला की जोगळेकरांचं एक घर शहापूरला आहे. दोघं एसटीने किन्हवलीवरून तिकडे गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सत्तरीच्या जोगळेकर वहिनींनी त्यांना सरबत दिलं.

"सगुणाबाई? आमच्याकडे त्यांना लिहिणारी म्हणत," वहिनी म्हणाल्या. "दुसरं पुस्तकही लिहिलं होतं म्हणे. चांगल्या सात-आठ वह्या होत्या. सासूबाईंनी बंबात घातल्या."

"जाळल्या?" गुरुजींनी पेला खाली ठेवला.

"पाणी तापवायला. कुणाला माहीत होतं हो?" वहिनींनी देवघराच्या फडताळातून एक पान आणलं. "हे तेवढं राहिलं. मागच्या बाजूला करवंदाच्या लोणच्याचं प्रमाण लिहिलंय."

पानाच्या पुढच्या बाजूला सगुणाबाईंचं बारीक, उभं अक्षर होतं. 'रखमी डोंगर उतरून आली तेव्हां तिला वाचतां येत होतें, परंतु वाचण्यासारखें तिला कोणी कांहीं' आणि पान संपलं होतं.

परतीच्या एसटीत गुरुजींनी उतरवून घेतलेलं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "हे वाक्य आपण पुरं केलं तर? शेवटी छापू. 'दिलें नाहीं' एवढंच तर राहिलंय."

"नको, गुरुजी."

"का गो?"

"बाईंना तसंच लिहायचं होतं, हे कशावरून?" हर्षाली म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर भात कापून झालेली खाचरं होती.

शेवटच्या पानावर तिने ते वाक्य होतं तसंच अर्धं टाइप केलं. तीनशे प्रती निघाल्या. वाचनालयात प्रकाशन झालं, माणसं अकरा. त्यांत वहिनी आल्या होत्या आणि पुढच्या खुर्चीवर चांगलं लुगडं नेसून धोंडीबाई. गुरुजी पाऊण तास बोलले. मग त्यांनी हर्षालीला उभं केलं.

ती उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते. टाळ्या, हार, बाईंचं नव्या कोऱ्या कव्हरवरचं नाव, यांतलं काहीच आत पोचत नव्हतं.

"टायपिंगच्या चुका असतील तर त्या माझ्या," ती म्हणाली. "बाकी सगळं त्यांचं."

आणि ती खाली बसली. धोंडीबाईने तिचा हात हातात घेतला. हर्षालीने तो सोडवून घेतला नाही.