येस म्हणायला शिकवा

रविवारी सकाळी सात चाळीसला सुप्रियाबाई आळेफाट्याच्या सायबर कॅफेत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून कामाला लागल्या होत्या. स्टूल कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने भिंतीला चिकटवलं होतं. काम कुजबुजण्याचं होतं. समोरच्या खुर्चीत त्यांची विद्यार्थिनी हर्षाली, अबोली रंगाच्या साडीत. पडद्यावर न्यू जर्सीहून अमृत, निरगुडसरचा मुलगा. तिकडे शनिवारची रात्र होती. त्याच्या आईवडिलांनी मुलगी प्रत्यक्ष पाहून पसंत केली होती. मुलाने एकच अट घातली होती, मुलीशी इंग्रजीत बोलून बघणार. हर्षाली अडली तर बाईंनी उत्तर पुरवायचं, असं ठरलं होतं.

ते ठरवलं होतं मागे उभ्या असलेल्या रखमाजींनी, हर्षालीच्या वडिलांनी. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. येस आणि नो तेवढं कळायचं.

"बाई, समदं येस म्हनाया शिकवा," महिन्यापूर्वी त्यांनी सांगितलं होतं. "नो म्हनायचंच न्हाई. पोरगी नको म्हनती असं वाटाया नको."

"प्रश्नच उलटा आला तर?"

"उलटा कशाला इल? शिकल्याला पोरगा हाय."

सुप्रियाबाई पिंपरी पेंढारला नऊ वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेत होत्या. त्यांचे वडील राघू, मेंढपाळ होते. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे, तेव्हा मुलीला डिंभ्याला मावशीकडे ठेवायचे, शाळा बुडू नये म्हणून. मंचरला बी.ए. करून, लग्न होऊन त्या पिंपरीत आल्या. दूध संस्थेच्या मागच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा आणि संस्थेचे अध्यक्ष रखमाजी होते. म्हणून त्या स्टुलावर बसल्या होत्या. दुसरं कारण नव्हतं.

या भागात मुलांना इंग्रजी शिकवायचे ते नोकरीसाठी आणि मुलींना, मुलगी पाहायच्या कार्यक्रमासाठी. नाव, गाव, शिक्षण, छंद, स्वयंपाक. पालक येऊन स्वच्छ सांगायचे, तेवढंच करून घ्या, जास्त नको. प्रश्न कसा विचारायचा हे मुलींना शिकवा, असं नऊ वर्षांत एकही पालक म्हणाला नव्हता. पाहायच्या कार्यक्रमात मुलगी प्रश्न विचारत नाही. मग 'डू' आणि 'डझ' पुढे आणून वाक्य उलटवायला शिकवणं म्हणजे वेळ फुकट. बाई ते तरीही शिकवायच्या, दार लोटून घेऊन.

हर्षालीला त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. आपल्याकडे कुणी "तुला यायचं नाही ना?" असं विचारलं की आपण "हो" म्हणतो आणि त्याचा अर्थ होतो, नाही यायचं. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे 'येस' म्हटलं की यायचंय, 'नो' म्हटलं की नाही. हर्षाली त्यावर हसली होती. "म्हंजी बाई, आमच्या घरात मी रोज चुकीचं हो म्हनते."

"आवाज बारीक हाय, राव," कॅफेवाला संपत ओरडला. "जरा जोरात बोलू द्या ताईला. अमेरिका लांब हाय."

नाव झालं, गाव झालं, छंद झाले. हर्षालीने नजर खाली ठेवून सगळं नीट सांगितलं. मग अमृतने विचारलं, "यू वोन्ट माइंड लीव्हिंग युवर कोर्स, नो?" डी.एड. अर्ध्यात सोडायला तुझी हरकत नाही ना? ती दुसऱ्या वर्षाला होती. साखरपुडा झाला की कॉलेज बंद, हे दोन्ही घरांत तिला न विचारता ठरलं होतं.

"येस," हर्षाली म्हणाली.

रखमाजींनी मान डोलावली. पडद्यावरचा चेहरा मात्र गोंधळला. "येस मीन्स? यू विल माइंड, ऑर यू वोन्ट?"

"काय म्हनतोय?" रखमाजींनी बाईंच्या खांद्याला बोट टोचलं. "सांगा की तिला!"

उत्तर दोन शब्दांचं होतं. 'आय वोन्ट', हरकत नाही. हर्षालीने बाईंकडे पाहिलं. बाई कीबोर्डकडे बघत राहिल्या. त्या संतापल्या होत्या, आणि तोंड उघडलं तर ते दोन शब्द सोडून भलतंच बाहेर पडेल, हे त्यांना माहीत होतं.

हर्षालीने मान वर केली. "येस. आय विल माइंड." आणि तिने वाक्य उलटवलं. "डू यू माइंड?"

मग तीन वर्षं अमेरिकेत राहिलेला अमृत मराठीत म्हणाला, "आईला विचारून सांगतो."

"दोनदा येस म्हनली," कॅफेबाहेर रखमाजी खूश होऊन म्हणाले. "चांगली बोलली ना, बाई?"

"स्वच्छ बोलली," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी निरगुडसरहून फोन आला. मुलगी उलट बोलते.

सोमवारी रखमाजी वर्गातच आले, मुलं बसलेली असताना. "तुमाला तोंड उघडाया बसवलं व्हतं. तवा तुमी गप. आन् पोरीला नगं ते शिकवून ठिवलं!"

"व्याकरण शिकवलं."

"आसलं कसलं व्याकरन? बापाचं नाक कापनारं?"

"तुम्ही तिला एकदा तरी विचारलं होतं का, भाऊ? मराठीत?"

"तुमच्यात मेंढरांना इचारत्यात का, कुठं जायचं ते?"

"नाही. पण मेंढरांचं लग्न लावत नाही आम्ही."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्कन हसलं. रखमाजींनी मुलांना उठवलं आणि खोलीला कुलूप लावलं. त्यावर गावात कुणी बोललं नाही. ज्यांच्या मुली त्या खोलीत शिकत होत्या, तेही नाही. दूध सगळ्यांना तिथेच घालायचं होतं.

हर्षालीचं कॉलेज मात्र सुटलं नाही. रखमाजींना पश्चात्ताप झाला असं समजून कुणी त्यांचं कौतुक करू नये. त्यांच्या आईने, प्रयागबाईंनी, हिशेब मांडला. मोडलेलं स्थळ गावभर झालंय, आता पुढच्या स्थळाला पोरगी डी.एड. पुरी झालेली दाखवलेली बरी. रखमाजींना ते पटलं. हर्षालीला याही वेळी कुणी विचारलं नाही.

सुप्रियाबाईंचा वर्ग आता त्यांच्या घराच्या ओट्यावर भरतो. पोरं निम्मी झाली. त्याबद्दल विचारलं की त्या एवढंच म्हणतात, "मी गप बसले याचा राग आहे त्यांना. मला राग आहे तो त्या स्टुलावर बसले याचा."

महिना उलटला. आज बुधवार. उद्या सकाळी अकराला जुन्नरजवळच्या एका प्राथमिक शाळेत, पाचवीच्या वर्गावर, हर्षालीचा इंग्रजीचा सराव पाठ आहे.