सासऱ्यांचा वेढा

उपाशी राहायची हौस आमच्या सासऱ्यांएवढी आणखी कुणाला असेल, तर त्या माणसाला मी स्वतः डॉक्टरकडे घेऊन जाईन. कारण काय, तर यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात गेलते. तिकडे परमुलखात पलटणीला शत्रूचा वेढा पडला, महिनोन् महिने खायचे वांधे झाले. आजोबा नुसता हाडांचा सापळा होऊन परतले. जे परतले नाहीत त्यांच्या नावांचा दगड गावच्या वेशीत उभा आहे. दरवर्षी त्या दगडाला हार घालायच्या दिवशी सासरे घरालाच वेढा घालतात. स्वैपाकघराला कुलूप, किल्ली करगोट्याला, आणि माणशी मूठभर ज्वारीचं पीठ! मी नवा जावई होतो तेव्हा सासूबाईंनी उशीच्या अभ्र्यातून दोन धपाटी पोचवली होती. पहिल्याच घासाला सासरे दारात हजर. "जावईबापू, फितूर झालात!" धपाटी जप्त झाली. वर ती त्यांनी म्हशीला घातली.

त्यांचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला, आजोबांचं नाव त्या दगडावर यावं. दर ग्रामसभेत हे उठणार आणि सरपंच कपाळाला हात लावणार. "नाना, ह्यो दगड मेलेल्यांचा हाय."

"मग माजे आजोबा काय अजून जित्ते हायेत का बे? मराया कितीसा येळ लागतो? उपाशी राहून जगाया लई जिगर लागते!"

यंदा सरपंच कंटाळला. हाराच्या दिवशीच पाथरवट आला, नाव कोरलं. सासरे खुशीत दोन पावलं मागं सरले आणि किंचाळले, "आरं, आता लोक म्हणतील ह्यो बी तिथंच मेला! मग मी काय आभाळातून पडलो?" शेवटी नावापुढं आणखी दोन शब्द कोरून घेतले, 'परत आले'.

बौद्धवाड्यातली एक म्हातारी हार घालायला आली होती. दगडावरचं पहिलं नाव तिच्या आज्याचं. नातवाकडून तिनं नवे शब्द वाचून घेतले, त्यांवरून बोटं फिरवली. "बरं झालं बाबा," ती म्हणाली, "कुणीतरी आलं. आमची आजी मरूस्तोवर दाराला कडी लावू द्यायची न्हाई."

सासऱ्यांनी करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. "जावईबापू, फुडं व्हा. चूल पेटवाया सांगा. आक्का आपल्याकडं जेवणार हायेत."

मला सकाळपासून भूक लागलेली. पण त्या पंगतीत पहिलं धपाटं मी आक्कांच्या पानात वाढलं.